वीस रुपयांची धार

उरणच्या मासळी बाजारात गिऱ्हाईक सुरमईच्या भावावर बराच वेळ घासाघीस करतं आणि सौदा जमला की एक गोष्ट हमखास बजावतं: मावशी, तुकड्या सारख्या पाडा, चेंदा नको. पाटावर बसलेली कोळीण मान हलवते, खवलं काढते, कल्ले ओढते, पोट साफ करते आणि कोयता चालवू लागते. तुकडी सारखी पडणं तिच्या मनगटावर जितकं अवलंबून, तितकंच कोयत्याच्या धारेवर. मासळीचे पैसे गिऱ्हाईक देतं. बर्फाचे पैसे भावात धरलेले असतात, टेम्पोचेही असतात. धारेचे कुणी धरत नाही. ते ती आपल्या कनवटीचे देते, आणि ज्या आठवड्यात ते जमत नाही त्या आठवड्यात बोथट कोयत्यावर जोर लावून भागवते.

मुंबई, नवी मुंबई, उरण या पट्ट्यात धारेला छापील भाव नाही. घरगुती सुरीचा आकडा साधारण वीसच्या नोटेभोवती फिरतो. कोयता, सत्तूर किंवा मोठी कात्री असेल तर तीस, चाळीस, कधी पन्नास. वीस मागितले की दहा घे, असं म्हणणारे दारोदार भेटतात. एका वडापावाच्या पैशात पातं धारदार होऊन मिळतं, पण वडापाववाल्याशी कुणी हुज्जत घालत नाही आणि धारवाल्याशी मात्र घालतात. त्याच्या कामातून हातात नवीन वस्तू पडत नाही, हे त्याचं कारण. सुरी तीच परत मिळते, दगडाने खाल्लेली, केसभर कमी झालेली. जे वाढलं ते डोळ्यांना दिसत नाही, दुसऱ्या दिवशी टोमॅटो कापताना कळतं, आणि तोवर धारवाला पुढच्या गल्लीत गेलेला असतो.

या वीस रुपयांत काय काय बसवलेलं आहे ते बघू. एक पातं नीट करायला पाच मिनिटं धरली तर दिवसाला चाळीस पाती म्हणजे नुसतं चाकावर तीन तास वीस मिनिटं. बाकीचा दिवस सायकल ढकलण्यात, आरोळी देण्यात, जिन्याखाली उभं राहून वरून सुरी खाली येण्याची वाट बघण्यात जातो. चाळीस पाती रोज मिळाली तर आठशे रुपये होतात. रोज मिळत नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. वीसच्या दराने तेवढे जमवायला सोळा पाती लागतात, तीही चाक, पट्टा, सायकलची दुरुस्ती, चहापाणी यांतलं काहीच वजा न करता. आणि रोजगार हमीच्या मजुराला खड्डा कसा खणायचा हे ठाऊक असलं की भागतं. धारवाल्याला पोलाद ओळखावं लागतं.

ही ओळखच या धंद्याचं मर्म आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू एका कोनात उतरत येऊन जिथे मिळतात ती रेघ. वापराने ती रेघ झिजते, काही ठिकाणी एका अंगाला लवते, काही ठिकाणी तिचे बारीक कपचे उडतात. धार लावणारा दोन्ही बाजूंनी थोडं थोडं पोलाद काढून ती रेघ नव्याने आणतो. कोन फार बसका ठेवला तर धार पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी चालते आणि काटा लागताच मोडते. कोन फार उभा ठेवला तर टिकते, पण कापत नाही. स्वयंपाकाच्या सुरीला दर बाजूने पंधरा ते वीस अंश चांगले. काटकोनाचा अर्धा आणि त्याचा पुन्हा अर्धा केला की साडेबावीस अंश होतात, त्याच्या किंचित आत. माशाचं हाड तोडणाऱ्या कोयत्याला याहून जाड खांदा लागतो. जो माणूस सुरी, कोयता आणि शिंप्याची कात्री तिन्ही एकाच कोनात चाकाला लावतो, त्याला वीस रुपयेही जास्त झाले.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सायकलच्या पायडलवर किंवा विजेच्या मोटरवर फिरणारं सान, म्हणजे धारेचं चाक, कोरडं असेल, तर पातं टेकताच ठिणग्या उडतात. मुलं ते बघायला जमतात. त्या ठिणग्यांत मात्र पात्याचा जीव जात असतो. लोहाराने पोलाद तापवून पाण्यात बुडवून, मग पुन्हा बेताने तापवून त्याला जो कडकपणा आणलेला असतो, त्याला आपल्याकडे पाणी देणं म्हणतात. कडेचं पातळ पोलाद दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे तापू लागलं की ते पाणी उतरायला लागतं. तीनशेच्या आसपास कडेवर निळी झाक दिसते. एकदा ती झाक आली की तेवढा भाग मऊ पडला. धार लागली असं वाटतं, आणि चार दिवसांत पुन्हा बोथट. मग माणूस पुन्हा वीस रुपये देतो. ज्याने चाकावर पाण्याची धार सोडली, दर दोन-तीन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवलं, शेवटी कडेवर उठलेली धातूची बारीक लव मऊ दगडावर किंवा चामड्यावर काढली, त्याला दुप्पट वेळ लागतो आणि त्याची धार कित्येक पट टिकते. दर मात्र दोघांचा सारखाच असतो. घाई करणाऱ्याला हा बाजार बक्षीस देतो आणि नीट काम करणाऱ्याला दंड करतो.

घरच्या माणसाने म्हणून दोन गोष्टी बघाव्यात. कडेवर निळं किंवा तपकिरी काही दिसतं का, आणि टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती ठेवून मागे ओढली तर साल कापते का. जोर लावावा लागत नसेल तर पन्नास रुपये द्यायला हरकत नाही, द्यावेतच. चाकावर दर वेळी बेफाम घासलेली सुरी मधे पोकळ होत जाते, तिथली कड पाटाला टेकतच नाही, आणि मग कोथिंबिरीच्या काड्या अर्धवट कापल्या जाऊन माळेसारख्या लोंबतात. ते पातं पुन्हा सरळ करायचं तर कित्येक मिलिमीटर पोलाद काढावं लागतं. दहा रुपयांच्या हट्टापायी असं एखादं चांगलं जुनं पातं गेलेलं अनेक घरांत सापडेल.

धारेला रोख दर असणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त देशावरच्या खेड्याची जी घडी दिसते, तिच्यात लोहार बलुतेदार होता. विळा पाजवणं, कुऱ्हाडीला तोंड काढणं, फाळ शेवटवणं ही कामं तो वर्षभर करी आणि सुगीला खळ्यावरून धान्य नेई. एका विळ्याचे किती, हा प्रश्न तिथे नव्हता. त्या व्यवस्थेचं गुणगान करण्याचं कारण नाही. जातीने बांधलेलं काम आणि मालकाच्या मर्जीवर मिळणारी पेंढी, यांत लोहाराचं किती हित होतं हे आत्र्यांच्या पुस्तकातच वाचता येतं. पण एक गोष्ट तिच्यात स्पष्ट होती: धार हा शेतीचा खर्च मानला जाई आणि पिकातून आधी काढला जाई. कोकणात बलुत्याची वीण देशावरच्याइतकी घट्ट नव्हती, तरी भातकापणीच्या आधी विळे एकदम पाजवून घेणं, घरात निसणा, म्हणजे धारेचा दगड, ठेवून रोज दोन हात मारणं ही रीत आगरी घरांत होतीच.

उरणमध्ये ती रीत का मोडली याचं कारण जमिनीत आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनींसाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी जीव गमावला. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. भातखाचरं आणि मिठागरं जिथे होती तिथे आज कंटेनर रचलेले दिसतात. याच बंदरातून २०२४-२५ या एका वर्षात सत्तर लाखांहून अधिक कंटेनर-एकक गेले-आले. खाचर गेलं तसा विळा गेला, आणि विळ्याबरोबर तो पाजवणाऱ्याचं वर्षाचं काम गेलं. मासळी तेवढी उरली, म्हणून कोयता उरला. त्याला धार लावायला आता फिरता माणूस येईल तेव्हा येतो.

तो येतो तरी कसा? १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचं उद्घाटन झालं. मुंबई जवळ आली हे खरंच. पण अटल सेतूवर सायकलला बंदी आहे, आणि साखळी, पट्टा, चाक बसवलेली जड सायकल गर्दीच्या लोकलमध्ये चढवणं हे रोजचं काम होऊ शकत नाही. सेतूवरून मोटारी येतात, त्यांतून मासळीचं गिऱ्हाईकही येतं. त्या गिऱ्हाईकासाठी मासळी कापणाऱ्या कोयत्याची सोय करणारा मात्र त्या रस्त्याने येऊ शकत नाही. त्याला लांबच्या रस्त्याने पायडल मारत यावं लागतं.

या कामाला मराठीत जुनं, मानाचं नाव आहे: शिकलगार. अरबी-फारसीत ‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली चकाकी, आणि ती आणणारा तो सैकलगर. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासून लखलखीत ठेवणारे हे कारागीर फौजेबरोबर असत. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे शिकलगार हे आडनाव आजही भेटतं, आणि नांदेडच्या बाजूला शीख शिकलीगरांच्या वस्त्या आहेत. तलवारी गेल्यावर हेच हात विळी, सुरी, अडकित्ता, कात्रीकडे वळले. आता त्या हातांच्या वाट्याला ‘धारवाला’ एवढं नाव उरलं आहे. शब्दाने काय बिघडतं, असं म्हणता येईल. बिघडतं. शिकलगाराला लोक दाम विचारत, धारवाल्याला किती कमी करणार ते विचारतात.

घरातलं गणित सोपं आहे. दोन पाती, वर्षातून चारदा, वीसच्या दराने एकशे साठ रुपये. पन्नासने चारशे. बाजारात कोयता चालवणाऱ्या बाईचं गणित याहून वेगळं. माशाची खवलं, घोळीचं जाड कातडं, शिंगाळ्याचं डोकं, खालचा ओला पाट आणि खाऱ्या पाण्याचा गंज, या सगळ्यांत धार फार तर तीन-चार दिवस तग धरते. आठवड्यातून दोनदा धार, दर वेळी तीस रुपये धरले तर आठवड्याचे साठ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ते वगळून त्रेचाळीस आठवडे होतात, म्हणजे वर्षाला २,५८० रुपये. हप्त्याने बर्फ घेणाऱ्या, टोपलीभर बोंबील उरला तर सुकवण्याखेरीज उपाय नसणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नाही.

आता तीच रक्कम गिऱ्हाइकांवर वाटून बघा. दिवसाला पंचवीस गिऱ्हाइकं आणि वर्षाला दोनशे साठ दिवस धंदा धरला तर साडेसहा हजार वेळा मासळी कापली गेली. २,५८० भागिले ६,५००, म्हणजे गिऱ्हाईकामागे चाळीस पैसे. धारवाल्याचा दर तीसवरून पन्नास केला, त्याने पाणी वापरून सावकाश काम करावं अशी अट घातली, तरी वर्षाचे ४,३०० होतात आणि गिऱ्हाईकामागे सत्तर पैशांच्या आतच राहतात. हजार-दीड हजारांची मासळी नेणाऱ्या माणसाला सत्तर पैसे जाणवत नाहीत. कोळणीला चार हजार तीनशे जाणवतात. खर्च तोच आहे, तो चुकीच्या पाटावर बसला आहे, एवढंच.

न्हाव्याच्या दुकानात हा प्रश्न केव्हाच सुटला. पूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून, दगडावर लावून पुन्हा पुन्हा वापरला जाई. रक्तातून पसरणाऱ्या आजारांची भीती वाढल्यावर प्रत्येकाला नवं ब्लेड हा नियमच झाला. त्या ब्लेडचे पैसे दाढीच्या दरात मिसळले आणि त्याबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही. म्हणजे धारेचे पैसे गिऱ्हाईक देऊ शकतं, देतं. फक्त कुणीतरी ते दरात धरायला हवेत.

बोथट पात्याचा खर्च याशिवाय वेगळा, आणि तो वहीत येत नाही. धार गेली की तेवढंच कापायला जास्त जोर लागतो, जोराने सुटलेलं पातं हाडावरून घसरतं आणि जाऊ नये तिथे जातं. पाट ओला, बोटं थंड पडलेली, माशाचं अंग बुळबुळीत. कापलेल्या बोटात माशाच्या काट्याची घाण गेली तर जखम चिघळते. कोळणीला आजारपणाची रजा नसते. बोट बांधून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. खांदा आणि मनगट यांचं दुखणं तर कुणाला सांगायचंही नसतं. त्यात मासळीचं नुकसान. पापलेटला महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केलं. तो मऊ मासा बोथट पात्याखाली चेपला की त्याचं पाणी पाटावर जातं, काप फाटतो, आणि गिऱ्हाईक त्याबद्दल कोळणीलाच बोलतं.

स्वयंपाकघरातला पुरावा आणखी जवळचा आहे. कांदा चिरताना डोळे झोंबतात ते कांद्याच्या पेशी फुटून उडणाऱ्या रसामुळे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं: पातं बोथट असेल आणि घाव वेगाने पडला, तर कांद्याचा पापुद्रा आधी दबतो आणि मग फुटून जास्त तुषार उडवतो. धारदार पातं सावकाश चालवलं तर तुषार कमी. उरणजवळच्या करंज्याच्या खाडीपलीकडे, अलिबागच्या ज्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो खाणाऱ्यांना हे कळायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. आज्या विळी पायरीच्या दगडावर घासत, ती त्याचसाठी. चिनीमातीच्या बरणीच्या तळाला जी खरखरीत, बिनचकाकीची कडी असते तिच्यावर सुरी घासणं हाही अडाणी उपाय नाही. भाजलेल्या मातीतले कण पोलादाहून कठीण असतात, म्हणून ती कडी दगडाचं काम करते. पण त्याने धार जागी होते, गेलेली धार परत येत नाही. त्यासाठी चाक आणि चाकावरचा माणूस लागतो.

यावर एक उत्तर नेहमी तयार असतं: सुरी फेकून द्या, नवी घ्या. पन्नास-साठ रुपयांत रंगीत मुठीची सुरी मिळते, मग वीस रुपये धारेला कशाला? ही सुरी पातळ, मऊ, न गंजणाऱ्या पोलादाची असते. हॅरी ब्रेअर्लीने शेफिल्डमध्ये १९१३ साली न गंजणारं पोलाद आणलं तेव्हा तिथले सुरीवाले त्याला, न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक, असं चिडवत. आज त्याच जातीच्या चांगल्या पोलादाची उत्तम सुरी मिळते, पण पन्नास रुपयांत मिळत नाही. पन्नासवाली दोन महिन्यांत बोथट होते आणि कचऱ्याच्या पिशवीतून सफाई कामगाराच्या हाताला लागते. जुलै २०२२ मध्ये सुऱ्यांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. रस्त्यावरच्या धारवाल्याची वर्षाची उलाढाल कराच्या मर्यादेजवळही जात नाही, त्यामुळे त्याच्या वीस रुपयांवर हा बोजा नाही. दोनशे रुपयांची बरी सुरी आणि वर्षाला तीन-चार धारा, हा हिशेब दोन वर्षांत फेकसुऱ्यांवर मात करतो. कोयत्याबाबत तर हा प्रश्नच येत नाही. मुठीला हात बसलेला कोयता कुणी फेकत नाही, तो आईकडून लेकीकडे जातो.

जगात इतरत्र काय केलं गेलं हे पाहिलं तर उरणला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सापडते. इटलीच्या उत्तरेला रेंदेना नावाचं डोंगरी खोरं आहे. तिथले गरीब लोक पाठीवर सान बांधून धार लावत युरोपभर फिरत, पुढे लंडनला आणि अमेरिकेला गेले. खोऱ्यातल्या पिंझोलो गावात धार लावणाऱ्याचा पुतळा उभा आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरांत या घराण्यांनी दारोदार फिरणं सोडलं आणि वेगळी रीत बसवली: खाणावळीला आठवड्याला ठरावीक सुऱ्यांचा धारदार संच द्यायचा, बोथट संच परत न्यायचा, आपल्या कारखान्यात सावकाश नीट करून पुढच्या आठवड्यात पुन्हा द्यायचा. पैसे दर सुरीवर न घेता आठवड्यावर. खाणावळीला घासाघीस नाही, धारवाल्याला रस्त्यावरचं वाट बघणं नाही. सुट्या सुरीला तिकडे बरेच जण पात्याच्या लांबीवर, इंचाप्रमाणे पैसे आकारतात. हाही धडा घेण्यासारखा आहे, कारण कोयत्याला आणि फळं कापायच्या चाकूला एकच दर असणं हे कुणाच्याच हिताचं नाही.

सरकारी कागदांत या माणसाला कुठे जागा आहे? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, हातोडे आणि अवजारं बनवणारा आहे, नाव बांधणारा, मासळीचं जाळं विणणारा आहे, इतकंच काय अस्त्रकारही आहे. शस्त्र बनवणाऱ्याचं नाव यादीत आलं, पण ज्याच्या पूर्वजांनी तीच शस्त्रं घासून लखलखीत ठेवली, त्या शिकलगाराचं, धार लावणाऱ्याचं वेगळं नाव नाही. या योजनेत अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखाचं कर्ज मिळतं. पाण्याची टाकी लावलेलं, सावकाश फिरणारं चाक घ्यायला एवढे पैसे पुरेसे आहेत. यादीत हा एकोणिसावा व्यवसाय घालावा, अशी मागणी उरणमधून व्हायला हवी. इथे नावा बांधल्या जातात आणि जाळीही विणली जातात, त्यामुळे हे गाव ती मागणी हक्काने करू शकतं.

यादी बदलेपर्यंत थांबण्याचं कारण मात्र नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्याची व्याख्या करताना माल विकणाऱ्याबरोबर रस्त्यावर सेवा देणाऱ्यालाही धरलं आहे. म्हणजे धारवाला त्यात बसतो, त्याला नगरपरिषदेचं प्रमाणपत्र मिळू शकतं, ठरलेली जागा मागता येते. केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखाने, थंड गाड्या, मासळी बाजार यांना पैसा धरला गेला. बाजार बांधताना बर्फाची, पाण्याची, सांडपाण्याची जागा नकाशात दाखवतात. त्याच नकाशात चार फूट बाय चार फुटांचा एक ओटा, वर छप्पर, एक नळ आणि एक विजेचं बटण धारेसाठी दाखवायला खर्च तो किती येणार? बर्फाशिवाय मासळी विकता येत नाही हे सगळ्यांना पटतं. धारेशिवायही विकता येत नाही, हे कोयता हातात नसलेल्या माणसाला पटवावं लागतं.

एक आक्षेप रास्त आहे. रेंदेनाची रीत इथे जशीच्या तशी चालणार नाही, कारण कोळीण दुसरीचा कोयता हातात घेणार नाही. मूठ, वजन, पात्याचा बाक हे तिच्या हाताचं असतं. मग प्रत्येकीचे स्वतःचेच दोन कोयते ठेवावेत: एक पाटावर, एक धारेला. मच्छीमार सोसायट्यांनी महिन्याची वर्गणी गोळा करून धारवाल्याला आठवड्याचे ठरावीक पैसे द्यावेत. त्याला सोमवारी उरण, बुधवारी मोरा, शुक्रवारी करंजा असे वार बांधून द्यावेत. उरलेल्या दिवशी तो घरोघर फिरेल, खाणावळींत, शिंप्यांकडे, मटणाच्या दुकानांत जाईल. आखाडाच्या शेवटाला आणि बकरी ईदच्या आधी त्याला तशीही उसंत नसते. ओट्यावर दराची पाटी असावी: सुरी एवढे, कोयता एवढे, कात्री एवढे, आणि तिच्याखाली एक ओळ, पाण्यावर लावलेली धार. वर्गणीचे पैसे कोळणींनी कापणावळीत धरावेत आणि ते धरल्याचं गिऱ्हाइकाला सांगावं. कुणी एक रुपया जास्त का म्हणून विचारलं तर कोयता दाखवता येईल.

घरांसाठीही एक दिवस आयता आहे. खंडेनवमीला विळी, कोयती, सुऱ्या, कात्र्या धुऊनपुसून पूजेला मांडतात. त्याच्या आदल्या आठवड्यात त्या ओट्यावर नेल्या, तर पूजेच्या पाटावर बोथट पातं राहणार नाही.

सुरुवात मात्र मासळीच्या पंचांगाप्रमाणे व्हायला हवी. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात करंज्याच्या आणि मोऱ्याच्या धक्क्यावर डागडुजी चाललेली असते, जाळी सांधली जातात, होड्यांना रंग लागतो, डिझेल आणि बर्फाची जुळवाजुळव होते. कोयत्यांना त्याच दिवसांत वेळ असतो. पहिल्या वर्षी पंधरा बायका, तीस कोयते आणि एक धारवाला एवढंच पुरे. होडीच्या रंगातला उरलेला रंग मुठींना लावला, कुणाचा निळा, कुणाचा पिवळा, कुणाचे दोन पट्टे, की कोणता कोयता कुणाचा हे न विचारता कळतं.